चेनसॉची चेन व स्प्रॉकेट यांची निवड

क्लचच्या ड्रमवरचे दातेरी चक्र म्हणजे स्प्रॉकेट. तेच चेनला ओढून बारभोवती, म्हणजे चेन ज्याच्या कडेच्या खाचेतून धावते त्या लांब पट्टीभोवती, फिरवते. दोघांची पिच एकच असावी लागते आणि बारच्या नाकातल्या चक्राचीही तीच. पिच म्हणजे सलग तीन रिव्हेटांमधल्या अंतराचे निम्मे. 1/4, .325, 3/8 आणि .404 इंच ही तिची रूढ मापे. .325ची चेन 3/8च्या स्प्रॉकेटवर कशीबशी चढवली तरी ती दातांत नीट बसत नाही. थोड्या वेळात ड्राइव्ह लिंकची, म्हणजे स्प्रॉकेटच्या दातांत आणि बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची, बुडे चेपतात. लो-प्रोफाइल (कमी उंचीची) 3/8 आणि साधी 3/8 यांचा आकडा एक असला तरी त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. गेज, म्हणजे ड्राइव्ह लिंकची जाडी, बारच्या खाचेशी जुळवायची.

दुकानात नुसती ‘अठरा इंची चेन द्या’ म्हणून भागत नाही. अठरा इंची बारला .325च्या 72 ड्राइव्ह लिंक लागू शकतात, तर 3/8च्या 66 किंवा 68. लिंक मोजून जावे, नाहीतर जुनी चेनच पिशवीत घालून न्यावी.

खरा विचार करायचा तो दातांच्या संख्येचा. एका फेऱ्यात सात दाती स्प्रॉकेट सात ड्राइव्ह लिंक, म्हणजे दर लिंकमागे दोन याप्रमाणे 14 पिच, पुढे ढकलते. .325च्या चेनला हे 4.55 इंच होते. आठ दाती लावले तर 5.2 इंच, म्हणजे सात दाती 3/8च्या जवळपास. वेग सातव्या हिश्शाने वाढतो, ओढ आठव्या हिश्शाने घटते. सुबाभळीच्या कोवळ्या फांद्यांना हे चालून जाते. मराठवाड्यात मात्र मशीनपुढे बहुधा बांधावरची वाळलेली बाभूळ किंवा चिंचेचे जुने खोड येते. त्यात पूर्ण बार रुतला की लहान इंजिनाचे फेरे पडतात, क्लच घसरून तापतो. अशा कामाला सात दातीच बरे. आठ दाती ताकदवान इंजिनाला किंवा आखूड बारला शोभते.

चेन आणि स्प्रॉकेट सोबतच झिजतात. झिजलेल्या दातांवर नवी चेन घातली तर तीही लवकर ढिली पडते. म्हणून दोन चेन आलटून-पालटून वापराव्यात आणि त्या संपल्या की स्प्रॉकेट बदलावे. दातांवर अर्धा मिलिमीटर खोल घळ दिसली तर तेवढेही थांबू नये. रिम प्रकारात दातेरी कडे ड्रमवर सुटे बसते, म्हणून फक्त कडे बदलते; स्पर प्रकारात दाते ड्रमलाच जोडलेले, म्हणून ड्रमसकट सगळे. रिमची किफायत इथेच कळते.

कटरचा, म्हणजे चेनवरच्या कापणाऱ्या दात्याचा, आकार हा वेगळा प्रश्न, पण आपल्याकडे तो टाळता येत नाही. उन्हाळ्यात सालीत धूळ बसलेली असते, आणि बांधावरच्या कडुनिंबाच्या खोडात कधीकाळी ठोकलेली काटेरी तार गिळलेली असते. चौकोनी कोपऱ्याचा फुल-चिझल कटर धुळीत चटकन बोथट होतो, गोलसर कोपऱ्याचा सेमी-चिझल जास्त टिकतो. तारेपुढे दोघांचाही निभाव लागत नाही. धार लावताना .325ला 4.8 मिलिमीटरची गोल कानस घ्यावी, लो-प्रोफाइल 3/8ला साधारण 4 मिलिमीटरची.