ॲनालॉग मल्टिप्लेक्सर : अनेक कार्डांचा वीजपुरवठा बदलण्यासाठी निवड

डेटा लॉगर, अनेक सिम चालवणारे मोडेम, कार्डे तपासण्याचे जिग अशा उपकरणांत अनेक कार्डांपैकी एका वेळी एकालाच वीज द्यायची असते. मायक्रोकंट्रोलरच्या तीन पिनांवरून आठ वाटांतली एक निवडणारा ४०५१ हा मल्टिप्लेक्सर अशा वेळी पहिल्यांदा सुचतो. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, तो सहज मिळतो आणि अभियांत्रिकीच्या मुलांच्या झिरो पीसीबीवर (नुसत्या छिद्रांच्या साध्या बोर्डावर) हमखास दिसतो. पण ही चिप संकेत वळवण्यासाठी घडवलेली आहे. कार्डाचा पुरवठा तिच्यातून नेऊ नये, आणि हे सर्किट काढण्याआधीच ठरवून टाकावे.

कारण चालू अवस्थेतल्या रोधात आहे. मल्टिप्लेक्सरच्या प्रत्येक वाटेत एन आणि पी जातीच्या मॉसफेटची, म्हणजे व्होल्टेजवर चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरची, छोटी जोडी असते. वाट उघडली तरी ती तारेसारखी होत नाही, तिचा रोध उरतोच. सीडी४०५१चा हा रोध १५ व्होल्टला साधारण १२५ ओहम, तर ५ व्होल्टला साधारण ४७० ओहम असतो. डेटाशीटमधली ५ व्होल्टची कमाल मर्यादा तर १०५० ओहम आहे. म्हणजे ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर १० मिलिअँपिअर ओढले की ४.७ व्होल्ट चिपमध्येच पडतात आणि कार्डाच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. याच चिपचा ७४एचसी४०५१ हा प्रकार बराच बरा, ४.५ व्होल्टला सुमारे ७० ओहम, पण त्याच्या एका वाटेची कमाल मर्यादा २५ मिलिअँपिअर आहे. एसडी कार्ड लिहिताना १०० मिलिअँपिअर किंवा त्याहून जास्त ओढू शकते. ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यात ७० ओहमची वाट धरली, तर कार्डाच्या जागी थेट शॉर्ट केला तरी ४७ मिलिअँपिअरच वाहतील. शिवाय कार्डाचा प्रवाह सतत कमीजास्त होतो, त्यामुळे व्होल्टेजही हलत राहते. कार्ड ओळखले जाते पण लिहिताना अडकते, हे त्याचे नेहमीचे लक्षण. दोन चिपा समांतर जोडून रोध निम्मा होतो, पण गरज शेकडो पटींची असते.

योग्य मांडणी त्याच तीन पिनांवर होते. मल्टिप्लेक्सरऐवजी ७४एचसी१३८ हा डीकोडर (तीन पिनांवरून आठांपैकी एक आउटपुट निवडणारी चिप) घ्यावा आणि त्याच्या आठ आउटपुटांवर आठ पी-चॅनेल मॉसफेट लावावेत. डीकोडरचे निवडलेले आउटपुट खाली, म्हणजे शून्य व्होल्टकडे, जाते, बाकीची वर राहतात, आणि पी-चॅनेल मॉसफेटला चालू व्हायला नेमके हेच हवे असते. मॉसफेटच्या तीन टोकांपैकी सोर्स पुरवठ्याकडे, ड्रेन कार्डाकडे आणि चालू-बंद करणारे गेट डीकोडरकडे. एओ३४०१ या छोट्या मॉसफेटचा रोध गेटला ४.५ व्होल्ट मिळाले की ६० मिलिओहमच्या आत येतो. २०० मिलिअँपिअरला पडणारे व्होल्टेज मग १२ मिलिव्होल्टच्या वर जात नाही. डीकोडर आणि कार्डे एकाच व्होल्टेजवर हवीत. कार्डे १२ व्होल्टची आणि डीकोडर ५ व्होल्टचा असेल, तर गेट पुरेसे वर जात नाही, मॉसफेट बंदच होत नाही. तिथे मध्ये एनपीएन ट्रान्झिस्टर घालावा लागतो आणि त्याने संकेत उलटा होतो, हेही धरून चालावे. कार्डाला दुसरीकडूनही वीज मिळत असेल तर मॉसफेटच्या रचनेतच असणाऱ्या बॉडी डायोडमधून ती उलटी येते. तेव्हा दोन मॉसफेट पाठीला पाठ लावून जोडतात.

कार्डावर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर मॉसफेट झटक्यात चालू झाल्यावर मुख्य पुरवठा क्षणभर खाली बसतो आणि मायक्रोकंट्रोलर रिसेट होतो. गेटच्या वाटेत १० किलोओहम आणि गेट-सोर्समध्ये १०० नॅनोफॅरड घातले की चालू होणे सुमारे एक मिलिसेकंदावर पसरते. बंद होणेही तितकेच लांबते, म्हणून कार्ड बदलताना आधी डीकोडरच्या एनेबल पिनवरून सगळे बंद करावे, काही मिलिसेकंद थांबावे आणि मगच पुढचा पत्ता द्यावा.

सर्वांत जास्त वेळ खाणारा दोष मात्र पुरवठ्याच्या वाटेत नसतो. पुरवठा तोडला, पण डेटाच्या तारा जोडलेल्याच राहिल्या, तर वरच्या पातळीवर (३.३ व्होल्टला) असलेल्या तारेतून कार्डाच्या संरक्षक डायोडमार्गे वीज आत शिरते. ३.३ व्होल्टमधून डायोडचे ०.६ गेले तरी सुमारे २.७ व्होल्ट उरतात, आणि एसडी कार्डाच्या पुरवठ्याची खालची मर्यादा नेमकी २.७ आहे. बंद केलेले कार्ड अर्धवट जिवंत राहते, पुन्हा वीज दिल्यावर नीट रिसेट होत नाही. म्हणून पुरवठ्याबरोबर संकेतही तोडावेत : बंद करताना आधी संकेत, मग वीज, चालू करताना आधी वीज, मग संकेत. कार्डाकडच्या तारांचे पुल-अप रोधही (तार वरच्या पातळीला धरून ठेवणारे रोध) कायम पुरवठ्याला न जोडता त्या कार्डाच्या बदलत्या पुरवठ्यालाच जोडावेत.

यूएलएन२८०३ या ट्रान्झिस्टरांच्या चिपने ग्राउंड तोडण्याचा सोपा मार्ग याच कारणाने टाळावा, कारण कार्डाचा परतीचा प्रवाह डेटाच्या तारांतून वाट काढतो.

मुंबईच्या पावसाळ्यात एक काळजी अधिक. धूळ आणि खारट ओलावा बसलेल्या पीसीबीवरून गळती वाढते, आणि एक मेगाओहमच्या पुल-अपवर सोडलेले गेट भलत्याच पातळीवर जाऊ शकते. हा पुल-अप १०० किलोओहम किंवा त्याहून कमी ठेवावा आणि तपासणी झाल्यावर बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंगचा (ओलावा रोखणाऱ्या पातळ लेपाचा) थर द्यावा.

४०५१ला या मांडणीतही जागा आहे. कार्डांचे संथ संकेत तोडायला तो चालतो, आणि प्रत्येक कार्डाला खरोखर किती व्होल्टेज पोचले हे एकाच एडीसीने (व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाने) आळीपाळीने मोजायला तर तो उत्तम. एडीसीच्या इनपुटमधून जवळजवळ प्रवाहच जात नाही, एक मायक्रोअँपिअर धरला तरी ४७० ओहममध्ये अर्धा मिलिव्होल्टही पडत नाही. वाट बदलल्यावर पहिले वाचन सोडून दुसरे घ्यावे, कारण आतल्या कपॅसिटरवर आधीच्या कार्डाचे व्होल्टेज उरलेले असते.