पिवळ्या टॅक्सीच्या पोटातली सूर्यमाला

मॅनहॅटनमध्ये चौतिसाव्या रस्त्यावर आमची टॅक्सी सिग्नलला थांबली आणि इंजिनाचा आवाज बंद झाला. एसी मात्र चालूच होता. गाडी बंद पडली असं वाटून माझा मामेभाऊ काळजीने पुढे वाकला. हिरवा दिवा लागला, गाडी आवाज न करता दहा-पंधरा फूट सरकली आणि मग कुठे इंजिन जागं झालं. गाडी होती टोयोटा कॅमरी हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली. मीटरवर दोन लाख अठरा हजार मैल. "बॅटरी कितीदा बदलली?" भावाने विचारलं. टॅक्सीवाले पंजाबचे, आमच्याहून वयाने मोठे. हिंदीतच म्हणाले, "एकदाही नाही."

भावाचा काही विश्वास बसेना. पुण्यात त्याने हजारदा ऐकलंय, की हायब्रिड घेतली आणि दोन-तीन वर्षांत बॅटरी गेली की गाडी भंगारात. शिवाय ती रोज रात्री चार्ज करावी लागते म्हणे! अमेरिकी शहरांतल्या टॅक्सींनी हे दोन्ही समज केव्हाच खोटे ठरवलेत. म्हणून हा लेख.

न्यूयॉर्कमध्ये पहिल्या हायब्रिड टॅक्सी २००५ साली आल्या, फोर्डच्या एस्केप. त्या वेळी रस्त्यावर राज्य होतं फोर्डच्याच क्राउन व्हिक्टोरियाचं. ४.६ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन आणि शहरात ॲव्हरेज, आपल्या भाषेत, लिटरला जेमतेम सात किलोमीटर. २००७ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी जाहीर केलं, की २०१२ पर्यंत शहरातल्या तेरा हजारांहून अधिक पिवळ्या टॅक्सी हायब्रिड होतील. टॅक्सीमालक कोर्टात गेले. गाडीने किती इंधन खावं हे ठरवायचा अधिकार फक्त केंद्र सरकारचा, शहराचा नाही, असं म्हणत कोर्टाने २००८ मध्ये स्थगिती दिली. बॉस्टनची सक्तीही २००९ मध्ये अशीच अडली.

मालकांच्या विरोधामागे साधा हिशेब होता. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा बहुतेक टॅक्सीवाले पाळीपुरती गाडी भाड्याने घेत आणि पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरत. म्हणजे गाडीचे जादा पैसे मोजायचे मालकाने आणि बचत मिळणार चालवणाऱ्याला.

पण कायदा अडला तरी गाड्या अडल्या नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ च्या सुमारास दहातल्या नऊ टॅक्सी हायब्रिड किंवा सीएनजीवर चालणाऱ्या होत्या. क्राउन व्हिक्टोरियाचं उत्पादन २०११ मध्ये थांबलं, आणि न्यूयॉर्कमध्ये प्रियस, कॅमरी, रॅव्हफोर अशा हायब्रिड गाड्या इतक्या रुळल्या की आज त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. दोन पाळ्यांत फिरणारी टॅक्सी वर्षाला एक लाख किलोमीटर सहज कापते. लिटरला सातच्या जागी एकवीस किलोमीटर पडले, तर वर्षाला साडेनऊ हजार लिटर पेट्रोल वाचतं. पेट्रोल स्वतः भरणाऱ्या माणसाला हे कळायला महापौर लागत नाही.

एवढी बचत येते कुठून? शाळेत शिकलेलं सूत्र आठवा: गतिज ऊर्जा म्हणजे अर्धे गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. दीड टनाची गाडी ताशी ५० किलोमीटरने जात असेल, तर तिच्यात साधारण १४५ किलोज्यूल ऊर्जा असते. ब्रेक दाबला की ती सगळी ब्रेकच्या तबकड्यांमध्ये उष्णता होऊन हवेत जाते. पुढच्या सिग्नलआधी पुन्हा तेवढाच वेग घ्यायचा, तर साध्या इंजिनाला त्यासाठी सुमारे २० मिलिलिटर पेट्रोल जाळावं लागतं. म्हणजे चहाचे चार चमचे. मॅनहॅटनच्या एका पाळीत हे शेकडो वेळा होतं. हायब्रिडमध्ये ब्रेक दाबला की आधी मोटरचं जनित्र होतं, गाडीचा वेग त्याला फिरवतो आणि वीज बॅटरीत जाते. सगळी ऊर्जा परत मिळत नाही; जाता-येता बरीच गळते. पण निम्म्याच्या आसपास मिळाली तरी टॅक्सीसाठी ते घबाड आहे. हमरस्त्यावर तासन्‌तास एका वेगाने जाणाऱ्या गाडीला हा फायदा जवळजवळ नाहीच.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. इंजिन आणि मोटरा यांची सांगड कशी घालायची? टोयोटाच्या प्रियसमध्ये ते काम दातेरी चाकांचा एकच संच करतो, ओंजळीत मावेल एवढा. मध्ये ३० दात्यांचं सूर्यचाक. त्याच्याभोवती फिरणारी छोटी ग्रहचाकं, एका चौकटीत बसवलेली. सगळ्यांच्या बाहेर, आतल्या अंगाला ७८ दाते असलेलं कडं. इंजिन जोडलंय ग्रहांच्या चौकटीला, पहिली मोटर सूर्याला, दुसरी मोटर आणि रस्त्यावरची चाकं कड्याला. तिघांचे फेरे एका समीकरणाने बांधलेले:

१०८ × इंजिन = ७८ × कडं + ३० × सूर्य

कागद-पेन्सिल घेऊन बसा, मजा आहे. टॅक्सी उभी आहे, म्हणजे कडं शून्य. सूर्याला मिनिटाला ३,६०० फेरे दिले की इंजिन १,००० ने फिरतं आणि सुरू होतं. वेगळा स्टार्टर लागतच नाही. इंजिन बंद ठेवून गाडी विजेवर हळू न्यायची? कड्याचे १,००० फेरे झाले की सूर्य २,६०० ने उलटा फिरतो आणि इंजिन शांत बसून राहतं. आता इंजिन १,५०० वर कायम ठेवा. कडं शून्य असताना सूर्य ५,४०० वर. कडं २,००० वर पोचलं की सूर्य २०० वर उतरलेला. गाडीने वेग घेतला, पण इंजिनाचा एक फेरा वाढला नाही! गिअर न बदलता, क्लचशिवाय. क्लच नाहीच, तर जळणार काय?

पण इंजिनाने रेटा दिल्यावर सूर्यचाक नुसतंच गरगर का फिरत नाही? मोकळं सोडलं तर तसंच होईल आणि चाकांना काहीच जोर मिळणार नाही. पहिली मोटर जनित्र बनून सूर्याला विरोध करते. त्या विरोधावर पाय रोवून इंजिन कड्याला ढकलतं. इंजिनाच्या पिळातला (फिरवण्याच्या जोरातला) ७८/१०८, म्हणजे ७२ टक्के हिस्सा थेट कड्याला जातो, उरलेला २८ टक्के सूर्याला. या विरोधातून तयार झालेली वीज तारेने दुसऱ्या मोटरकडे जाते आणि तीही कडंच फिरवते. पाय रोवायला दिलेला टेकूसुद्धा वाया जात नाही. ही मांडणी पहिल्यांदा समजली, त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

टॅक्सी चार-पाच लाख किलोमीटर टिकतात, त्याचं मर्म इथे आहे. घासणारे भागच कमी. ब्रेकचं बरंचसं काम मोटर करते, म्हणून ब्रेकपॅडही पुष्कळ जास्त चालतात.

राहिली बॅटरी. प्रियसची बॅटरी जेमतेम सव्वा युनिट विजेची आणि नियंत्रक संगणक तिला कधीच तळापर्यंत रिकामी होऊ देत नाही की काठोकाठ भरू देत नाही. साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मध्येच खेळवतो. मोबाइलची बॅटरी आपण रोज शून्याला नेतो आणि शंभरला आणतो, त्या अनुभवावरून हिला जोखणं चुकीचं आहे. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने २०११ मध्ये एक २००२ सालची प्रियस तपासली. ती टॅक्सी नव्हती, पण दोन लाखांहून जास्त मैल धावली होती आणि बॅटरी मूळचीच. नवी असताना तशा गाडीने गॅलनला ४०.६ मैल दिले होते, हिने ४०.४ दिले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. 'स्वतःच चार्ज होणारी गाडी' अशी जाहिरात दिसली की लोकांना वाटतं वीज फुकट मिळते. या टॅक्सीतला विजेचा प्रत्येक कण शेवटी पेट्रोलातूनच येतो. ती फक्त सांडलेलं वेचून घेते. चाकाला डायनॅमो लावून अखंड चालणारी गाडी आणि पाण्यावर पळणारी स्कूटर यांचे व्हिडिओ घराघरांतल्या ग्रुपवर फिरतात. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम नववीच्या पुस्तकात आहे. तो ठाऊक असलेल्यांनी तरी ते पुढे पाठवू नयेत.

न्यूयॉर्कने आता ॲपवरून बोलावायच्या, उबरसारख्या गाड्यांसाठी २०३० ची मुदत घातली आहे: त्या पूर्ण विजेच्या हव्यात, नाहीतर चाकाची खुर्ची आत घेणाऱ्या. अशा खुर्चीसाठी ज्या गाड्या रूपांतरित करतात, त्यांतली टोयोटाची सिएना २०२१ पासून फक्त हायब्रिडच मिळते. आपल्याकडच्या इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिडमध्येही सूर्य-ग्रहांची हीच मांडणी आहे. तिच्यात बसलात तर पुढच्या पडद्यावरचे बाण बघा. ब्रेक लागला की चाकांकडून बॅटरीकडे जाणारा बाण उमटतो. मामेभावाने परतीच्या टॅक्सीत तो बघितला आणि विमानतळापर्यंत प्रत्येक सिग्नलला मला कोपराने ढोसून दाखवत राहिला.