‘चटोपाध्याय लागलं का?’

जिल्हा परिषदेच्या शाळांत हा प्रश्न अजूनही ऐकू येतो. 1983 साली नेमलेल्या राष्ट्रीय शिक्षक आयोगाच्या अध्यक्षांचं ते आडनाव. आयोगाचा अहवाल फारसा कुणी वाचला नाही, अध्यक्ष मात्र शिक्षकांच्या पगारबिलात कायमचे मुक्कामाला आले.

एकाच पदावर उभी हयात काढणाऱ्या शिक्षकाला 12 वर्षांनी वरिष्ठ आणि 24 वर्षांनी निवड वेतनश्रेणी, अशी ही ‘चटोपाध्याय’ व्यवस्था. राज्याने 1989 मध्ये निर्णय काढून ती 1 जानेवारी 1986 पासून लागू केली. घोळ ‘निवड’ या नावातच आहे. पदोन्नती मिळत नाही म्हणून दिलेली ही भरपाई की चांगल्या कामाचं बक्षीस? वरिष्ठ श्रेणीला सेवा, प्रशिक्षण आणि समाधानकारक गोपनीय अहवाल (वरिष्ठांनी दरवर्षी लिहायचा कामाचा अहवाल) पुरतो. निवड श्रेणी मात्र वरिष्ठ श्रेणीतल्या 20 टक्क्यांनाच, आणि ही ‘निवड’ही बहुतेक ज्येष्ठता यादी पाहूनच होते.

23 ऑक्टोबर 2017 च्या शासन निर्णयाने हा प्रश्न परस्पर निकालात काढला. प्राथमिक शाळा सरकारी निकषांवर ‘प्रगत’ हवी आणि ‘शाळासिद्धी’ या शाळांच्या मूल्यमापनात ‘अ’ श्रेणीत हवी; माध्यमिकला नववी-दहावीचा निकाल 80 टक्क्यांच्या वर हवा. नाहीतर श्रेणी नाही. म्हणजे गणिताच्या बाईंचा हक्क इंग्रजीत नापास झालेल्या मुलांवर अडकला. ऊसतोडीला गेलेल्या घरांची मुलं ज्या शाळेत दिवाळीनंतर दिसतच नाहीत, तिथल्या गुरुजींनी काय करायचं, याचं उत्तर त्या कागदात नव्हतं. त्यात शाळासिद्धीची माहिती शाळा स्वतःच भरत असे. प्रामाणिकपणे ‘ब’ लिहिणारा मुख्याध्यापक आपल्याच सहकाऱ्यांचं नुकसान करणार! संघटना रस्त्यावर उतरल्या आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये ही अट वगळली गेली. मधल्या काळात फायली मात्र पडून राहिल्या.

निकालावर पैसे ही कल्पना तशी जुनीच. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरे, आणि ‘दिपोटी’ (डेप्युटी इन्स्पेक्टर, म्हणजे शाळा तपासनीस) तपासणीला आले की शाळेला कापरं भरे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पद्धत मागे पडली.

गोपनीय अहवालांच्या बाबतीत खासगी शाळांची 1981 ची सेवाशर्ती नियमावली बरीच न्याय्य आहे. प्रतिकूल शेरा मुदतीत कळवला नाही, किंवा अहवालच लिहिला नाही, तर त्या काळातलं काम समाधानकारक धरायचं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर सरकारी सेवेत चांगला-वाईट प्रत्येक शेरा कळवायलाच हवा, असं म्हटलं. प्रत्यक्षात काय चालतं? प्रस्ताव पाठवायची वेळ आली की शोधाशोध होते, आणि मागच्या काही वर्षांचे अहवाल एका संध्याकाळी, एकाच निळ्या पेनने लिहिलेले मी पाहिलेत. सगळीकडे ‘चांगला’. वर्षभरात त्या शिक्षकाच्या तासाला मागच्या बाकावर कुणी बसलेलं नसतं.

बसणार तरी कोण? शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंतच्या शाळेत दीडशेच्या वर पट असेल तरच मुख्याध्यापक दिला. बाकी ठिकाणी प्रभारी. तो स्वतः दोन वर्ग सांभाळतो, पोषण आहाराचा तांदूळ मोजतो आणि ऑनलाइन माहिती भरतो.

निकालाची अट गेली, श्रेणीसाठीचं प्रशिक्षण राहिलं. 2022 मध्ये ते ऑनलाइन झालं, तेव्हा शुल्क होतं 2000 रुपये, शिक्षकाच्याच खिशातून.