व्होल्टेज रेग्युलेटर, ध्वनिवर्धकासाठी घरी बांधलेला

ॲम्प्लिफायरला लागणारा डीसी दाब (व्होल्टेज) ठरावीक मूल्यावर स्थिर राखणारे, सुटे भाग जुळवून हौशी मंडळींनी घरी केलेले मंडल (सर्किट); यालाच नियामकही म्हणतात. एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर व त्यातील चढउतार कमी करणारा फिल्टर कपॅसिटर यांच्यानंतर ते येते. घरच्या एसी पुरवठ्यावर लावायचा स्टॅबिलायझर हे वेगळे उपकरण असून त्याचा येथे विचार केलेला नाही.

उगम : व्हॉल्व्हच्या (निर्वात नलिकांच्या) काळात संदर्भ दाबासाठी वायू भरलेल्या प्रदीप्त नलिका वापरत, ओए२ ही त्यांपैकी १५० व्होल्टची. इलेक्ट्रॉनिक नियामकाची सुरुवात हंट व हिकमन यांच्या १९३९ मधील निबंधापासून मानण्याची प्रथा आहे. मात्र त्यात तोवर प्रचारात आलेल्या मंडलांचीही चिकित्सा असल्याने, शोधापेक्षा पद्धतशीर मांडणीचे श्रेय त्यांना देणे अधिक योग्य. एकात्मित मंडलांबाबतही (आयसी) असाच घोळ दिसतो. सुमारे १९६७ मध्ये आलेल्या फेअरचाइल्ड कंपनीच्या ७२३ या नियामक आयसीचे श्रेय अनेक ठिकाणी आयसी-रचनाकार बॉब विडलर यांना दिले जाते. परंतु १९६५ च्या अखेरीस त्यांनी ती कंपनी सोडली होती, हे पाहता ते जपूनच घ्यावे लागते. नॅशनल सेमिकंडक्टरचे एलएम३१७ हे दाब जुळवता येणारे नियामक आयसी बॉब डॉबकिन व विडलर यांचे काम. त्यासाठी १९७० हे वर्षही सांगितले जाते, पण बाजारात येण्याचे १९७६ हेच वर्ष धरणे बरे.

रचना : हौशी बांधणीत ३१७ अजूनही पहिल्या पसंतीचा आहे. त्याच्या आउटपुट व ॲडजस्ट या पायांत १.२५ व्होल्ट कायम राहतात. त्यांच्यामध्ये २२० ओहमचा आणि ॲडजस्टपासून ग्राउंडपर्यंत २.४ किलोओहमचा रेझिस्टर लावला की सुमारे १५ व्होल्ट मिळतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत सहज मिळणारा १५-०-१५ ट्रान्सफॉर्मर यासाठी पुरतो, कारण रेक्टिफायरनंतर प्रत्येक बाजूला २० व्होल्टच्या आसपास दाब असतो. भार १०० मिलिअँपिअर व कपॅसिटर २२०० मायक्रोफॅराड असल्यास त्यावर १०० हर्ट्झची, अर्ध्या व्होल्टहून थोडी कमी लहर उरते; स्पीकरमधून ‘हम्म्’ ऐकू येते ते बहुधा हिच्यामुळे. ॲडजस्ट पाय व ग्राउंड यांच्यात १० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर जोडल्यास लहरीचे दमन साधारण ६५ वरून ८० डेसिबेलवर जाते.

आयसीच्या निवडीपेक्षा जोडणीचा परिणाम पुष्कळदा जास्त असतो. वरचा रेझिस्टर थेट आउटपुटच्या पायाशीच सोल्डर करावा. तो पुढे भाराजवळ जोडला, तर मधल्या तारेचा ०.०५ ओहम रोध वरील गुणोत्तरामुळे सुमारे ०.६ ओहम होऊन बसतो. खालच्या रेझिस्टरचे ग्राउंड मात्र भाराजवळच घ्यायचे असते. ऋण दाबासाठीच्या एलएम३३७ या जोडीदार आयसीमध्ये पायांचा क्रम निराळा आहे. ३१७ चा धातूचा पत्रा आउटपुटला, तर ३३७ चा इनपुटला जोडलेला असतो; त्यामुळे दोन्ही एकाच हीट सिंकवर बसवताना खाली अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचे बूच हवेच.

उपयुक्ततेचा वाद : प्रीॲम्प्लिफायर व फोनो (रेकॉर्ड प्लेयरचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या) टप्प्याला नियामक लावावा याबाबत फारसे दुमत नाही. स्पीकर चालवणाऱ्या पॉवर टप्प्याबाबत मात्र दोन पक्ष आहेत. ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॉट देताना प्रवाहाचे शिखर ३.५ अँपिअरवर जाते, आणि ३१७ ची मर्यादा १.५ अँपिअरची. २एन३०५५ सारखा ट्रान्झिस्टर जोडून ती ओलांडता येते, पण उष्णता वाढते आणि क्लास एबी (पॉवर टप्प्याची नेहमीची रचना) मंडल पुरवठ्यातील लहर स्वतःच बरीचशी दाबून टाकत असल्याने पदरात थोडेच पडते. तोच खर्च मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर करावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शंट, म्हणजे भाराला समांतर जोडलेल्या, नियामकाचे पुरस्कर्ते त्याच्या नादगुणांविषयी बरेच बोलतात. त्यातला प्रवाह सतत वाहत राहतो, म्हणून गाणे बंद असतानाही तो तापतो, हे निश्चित.

व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरसाठी मायकेल मैडा यांनी १९८० मध्ये दाखवलेली मांडणी वापरतात. तीत ३१७ उच्च दाबावर तरंगता ठेवून बहुतेक दाब त्याच्या इनपुटकडील ट्रान्झिस्टरवर टाकलेला असतो. अशा मंडलांत स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये २५० ते ४०० व्होल्ट टिकून राहू शकतात. तो उतरवण्यासाठी कपॅसिटरला समांतर ब्लीडर रेझिस्टर बसवतात.