इको ऑनर्स की बीबीई? दिल्ली विद्यापीठातली दोन अर्थशास्त्रं

दिल्ली विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमांच्या यादीत अर्थशास्त्र शोधायला गेलं की दोन नावं सापडतात: बी.ए. ऑनर्स इकॉनॉमिक्स आणि बी.ए. ऑनर्स बिझनेस इकॉनॉमिक्स. दोन्ही बी.ए., दोन्ही ऑनर्स, दोन्हींना प्रवेश सीयूईटीतून, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून, आणि दोन्हींना गणित सक्तीचं. तिथली मुलं पहिल्याला ‘इको ऑनर्स’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘बीबीई’. आपल्याकडच्या पालकांचा साधारण समज असा, की पहिलं हे खरं अर्थशास्त्र आणि दुसरं त्याचीच जरा सोपी, नोकरीच्या बाजूला झुकलेली आवृत्ती. पहिल्याला नंबर नाही लागला तर दुसरं आहेच. या समजाचा पहिला अर्धा भाग थोडाफार खरा आहे. दुसऱ्या अर्ध्यामुळे मात्र पसंतीक्रम भरताना घोटाळे होतात.

आधी प्रवेशाचा हिशोब पाहू.

इको ऑनर्ससाठी सीयूईटीचे चार पेपर धरले जातात: एक भाषा, गणित आणि आणखी कोणतेही दोन विषय. बीबीईसाठी तीनच: एक भाषा, गणित आणि जनरल ॲप्टिट्यूड टेस्ट. प्रत्येक पेपर २५० गुणांचा, ५० प्रश्नांचा. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलं तर १ वजा. म्हणजे इकोची मेरिट १००० पैकी लागते आणि बीबीईची ७५० पैकी. ही साधी गोष्ट विसरून लोक मागच्या वर्षीचे शेवटचे गुण शेजारीशेजारी ठेवतात आणि ‘बीबीई किती कमी गुणांवर मिळतं बघा’ म्हणतात. ७५० पैकी ६७५ आणि १००० पैकी ९०० हे दोन्ही नव्वद टक्केच.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते आणि ती फारसं कोणी बोलून दाखवत नाही. इको ऑनर्सच्या मेरिटमध्ये गणिताचा वाटा एक चतुर्थांश आहे, बीबीईच्या मेरिटमध्ये एक तृतीयांश. शिवाय जनरल टेस्टमध्ये सामान्यज्ञान आणि चालू घडामोडींबरोबर अंकगणित आणि तर्काचे प्रश्न असतातच. म्हणजे ज्या कोर्सबद्दल ‘यात गणित कमी’ अशी ख्याती आहे, त्याच्या प्रवेशात आकडेमोडीला जास्त वजन. एखाद्या मुलीचं गणित जेमतेम आहे, पण इतिहास आणि राज्यशास्त्र उत्तम आहे, तर तिला इको ऑनर्सची मेरिट जास्त सोयीची पडू शकते, कारण तिचे ते दोन विषय तिथे मोजले जातात. बीबीईत ते मोजलेच जात नाहीत. गणित टाळायचं म्हणून बीबीईकडे वळणारे नेमके उलट्या दिशेने चाललेले असतात.

हा फरक आला कुठून? २०२२ पूर्वी दोन्हींचे प्रवेश वेगळ्या पद्धतीने होत. इको ऑनर्स बारावीच्या टक्केवारीवर, कॉलेजांच्या कटऑफ यादीने. त्या पद्धतीने कुठवर मजल मारली, तर २०२० साली लेडी श्रीराम कॉलेजची इको ऑनर्सची पहिली कटऑफ शंभर टक्के लागली. बीबीईसाठी मात्र विद्यापीठाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा होती. ती ‘जॅट’ म्हणून ओळखली जाई आणि बीएमएस, बीबीए हे व्यवस्थापनाचे कोर्स आणि बीबीई या तिन्हींना सामाईक होती. भाषा, आकडेमोड, तर्क, सामान्यज्ञान असं व्यवस्थापनाच्या परीक्षेसारखं तिचं स्वरूप. सीयूईटी आली तेव्हा जॅट बंद झाली आणि तिच्या जागी जनरल टेस्ट बसली. थोडक्यात, बीबीई प्रवेशाच्या बाबतीत अजूनही व्यवस्थापनाच्या कोर्सांचं भावंड आहे, आणि इको ऑनर्स इतिहास-राज्यशास्त्राच्या रांगेत उभं आहे. फक्त हातात गणिताचं पुस्तक घेऊन.

आता सगळ्यात गमतीचा भाग. सीयूईटीत ‘इकॉनॉमिक्स / बिझनेस इकॉनॉमिक्स’ याच नावाचा एक पेपर आहे. नावात दोन्ही कोर्स आले, म्हणून हा पेपर दिल्याशिवाय प्रवेश नाही असं अनेकांना वाटतं. तसं नाही. इको ऑनर्ससाठी तो ‘कोणत्याही दोन’मधला एक म्हणून चालतो, पण आवश्यक नाही, भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राचे पेपर देऊनही सायन्सचा विद्यार्थी इको ऑनर्सला जाऊ शकतो, आणि जातात. बीबीईच्या मेरिटमध्ये तर त्या पेपरला जागाच नाही. बारावीला अर्थशास्त्र हा विषय घेतलेला असण्याची अट दोन्हीकडे नाही. गणित मात्र हवंच. विद्यापीठाचा नियम असा, की जो विषय बारावीला घेतला त्याचाच पेपर सीयूईटीत द्यायचा. त्यामुळे बारावीला गणित नसेल तर आयत्या वेळी गणिताचा पेपर देऊन भागत नाही.

इथे महाराष्ट्रातल्या मुलांची एक खास अडचण आहे. ती बारावीत कळते, पण घडते अकरावीत. कॉमर्सला प्रवेश घेताना ज्युनिअर कॉलेजात विचारतात, ‘मॅथ्स की एसपी?’ आणि सेक्रेटरियल प्रॅक्टिस सोपा, गुण देणारा म्हणून निम्मा वर्ग तिकडे जातो. आर्ट्सला तर गणित घेणारी मुलं शोधावी लागतात. अर्थशास्त्र आवडतं म्हणून आर्ट्स किंवा कॉमर्स घेतलं आणि दहावीनंतर गणिताला रामराम ठोकला, तर दिल्लीतली ही दोन्ही अर्थशास्त्रं त्याच दिवशी हातची गेली. दहावीच्या समुपदेशनात ही गोष्ट कुणी स्पष्ट सांगताना दिसत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. कलचाचण्या होतात, ‘वाणिज्य शाखा योग्य’ असा कागद मिळतो, पण त्या शाखेतल्या एका विषयावर काय अवलंबून आहे ते मात्र कुणी सांगत नाही.

ज्यांनी गणित घेतलं त्यांच्यातही दोन गट आहेत. राज्य मंडळाच्या बारावीत ‘गणित आणि संख्याशास्त्र’ दोन विषय संकेतांकांनी येतं: ४० हे आर्ट्स-सायन्ससाठी, ८८ हे कॉमर्ससाठी. नाव एक, पुस्तकं वेगळी. ४० मध्ये त्रिकोणमितीय फलनं, सदिश, त्रिमितीय भूमिती असतं. ८८ मध्ये अवकलन-संकलन आहे, पण त्यापुढे कमिशन आणि दलाली, विमा आणि ॲन्युइटी, निर्देशांक, कालश्रेणी, रेषीय प्रायोजन असा मालमसाला आहे. सीयूईटीच्या गणिताच्या पेपरात सुरुवातीचा भाग सर्वांना समान असतो, आणि पुढे दोन पर्याय: एक गणिताचा, दुसरा उपयोजित गणिताचा, म्हणजे अप्लाइड मॅथेमॅटिक्सचा. ८८ वाल्याने पहिला पर्याय उघडला तर सदिश आणि त्रिमितीय भूमिती पाहून घाम फुटणार. दुसऱ्या पर्यायात मात्र निर्देशांक, कालश्रेणी, वित्तीय गणित, रेषीय प्रायोजन हे ओळखीचे चेहरे भेटतात. दिल्ली विद्यापीठ या दोन्ही कोर्सना गणित किंवा उपयोजित गणित, दोन्ही धरतं. म्हणून ४० वाल्यांनी पहिला आणि ८८ वाल्यांनी दुसरा पर्याय सोडवावा, असं मी बेधडक सांगेन. तयारी मात्र एनसीईआरटीच्या पुस्तकांवरून करावी. मंडळाचं पुस्तक एकटं पुरत नाही.

भाषेच्या पेपरबद्दल थोडक्यात. सीयूईटीच्या तेरा भाषांत मराठी आहे आणि दिल्ली विद्यापीठाच्या यादीतही ती आहे. बारावीला मराठी घेतली असेल तर इको ऑनर्स किंवा बीबीईसाठी भाषेचा पेपर मराठीत देता येतो. उताऱ्यावरचे प्रश्न, शब्दार्थ, वाक्प्रचार अशा स्वरूपाचा तो पेपर मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीपेक्षा हमखास जास्त गुण देऊ शकतो. अर्थात वर्गात शिकवणं इंग्रजीतच होतं, हे विसरून चालणार नाही.

बाकी विषयांत कॉमर्सवाल्यांना फारशी अडचण येत नाही. आपल्या बुक कीपिंगसाठी अकाउंटन्सीचा पेपर आहे, ओसीएमला, म्हणजे वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापनाला, बिझनेस स्टडीजचा पेपर जवळचा.

सीयूईटीत जास्तीत जास्त पाच पेपर देता येतात. भाषा, गणित, दोन विषय आणि जनरल टेस्ट, बेरीज बरोबर पाच. म्हणजे एकाच अर्जात दोन्ही कोर्स बसतात, आणि मे महिन्याआधी ‘इको की बीबीई’ हा निर्णय घ्यायची काही गरज नसते. तरीही ‘आपल्याला बीबीई नकोच’ म्हणून जनरल टेस्ट वगळणारे दर वर्षी असतात. वगळून वेळ वाचतो एका तासाचा.

बारावीच्या गुणांचं आता काय? उत्तीर्ण व्हावं लागतं, एवढंच. सीयूईटीत दोघांचे गुण सारखे आले, तर मात्र क्रम लावताना बारावीचे गुण पाहिले जातात, म्हणून ते अगदीच वाऱ्यावर सोडू नयेत.

खरी निवड करायची ती पसंतीक्रम भरताना. विद्यापीठाच्या जागावाटपात कोर्स आणि कॉलेज यांची जोडी हा एक पर्याय असतो, आणि वरचा पर्याय मिळाला की खालचे सगळे पर्याय आपोआप गळून पडतात. श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स, सेंट स्टीफन्स, हिंदू, हंसराज, मिरांडा हाउस, लेडी श्रीराम या नामवंत ठिकाणी इको ऑनर्स आहे. बीबीई मोजक्याच कॉलेजांत आहे, त्यात गार्गी आणि श्री गुरू गोविंद सिंग कॉलेज ऑफ कॉमर्स ही जाणकारांच्या तोंडी असलेली नावं. काही कॉलेजांत दोन्ही कोर्स एकाच इमारतीत चालतात. शिवाजी कॉलेज त्यातलंच. ते १९६१ साली डॉ. पंजाबराव देशमुखांनी स्थापन केलं, हे दिल्लीतल्या मुलांना सहसा ठाऊक नसतं आणि अमरावतीच्या मुलांना ते कॉलेज ठाऊक नसतं!

अशा कॉलेजात निर्णय फक्त कोर्सचा उरतो, म्हणून आत काय शिकवतात ते पाहायला हवं. इको ऑनर्सच्या पहिल्याच सत्रात सूक्ष्म अर्थशास्त्राबरोबर अर्थशास्त्रासाठीचं गणित आणि संख्याशास्त्र असे तीन मुख्य विषय येतात. आकृत्या काढून मागणी-पुरवठा समजावण्याची बारावीची पद्धत इथे काही आठवड्यांत मागे पडते. फलनं, अवकलज आणि सिद्धता यांची भाषा सुरू होते. पुढे स्थूल अर्थशास्त्र, अर्थमिती, विकासाचं अर्थशास्त्र. हा अभ्यासक्रम आखतं ते दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधलं अर्थशास्त्र खातं. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९४९ मध्ये उभी केलेली ही संस्था, आणि पदवीच्या अभ्यासक्रमावरही तिच्या एम.ए.ची सावली पडलेली आहे. आपल्या एम.ए.ला येणारा विद्यार्थी कसा हवा, हे डोक्यात ठेवून जणू तो बेतला आहे.

बीबीईचा अभ्यासक्रम दुसऱ्या खात्याचा. दक्षिण परिसरातल्या वित्त आणि व्यवसाय अर्थशास्त्र विभागाचा. सूक्ष्म, स्थूल, गणित, संख्याशास्त्र, अर्थमिती त्यातही आहे. पण शेजारी लेखाकर्म, विपणन आणि कंपन्यांचं वित्त असे विषय बसतात. एखादी कंपनी किंमत कशी ठरवते, भांडवल कुठून उभं करते, हे ज्याला कळून घ्यायचंय त्याला बीबीईत करमेल. महागाई का वाढते, रोजगार का वाढत नाही, हे प्रश्न ज्याला छळतात त्याने इको ऑनर्स घ्यावं. दोन्ही गोष्टी आवडणारे अनेक असतात. त्यांनी कॉलेज बघून ठरवलं तरी हरकत नाही, असं माझं मत.

‘बीबीई केलं तर अर्थतज्ज्ञ होता येत नाही’ हे मात्र चूक. केंद्र सरकारच्या भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा यूपीएससी घेते, आणि तिची पात्रता अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यवसाय अर्थशास्त्र किंवा अर्थमिती यांपैकी कशातलीही पदव्युत्तर पदवी अशी आहे. परदेशात अर्थशास्त्राच्या एम.एस्सी.ला अर्ज करताना मात्र तिथले प्राध्यापक पदवीचं नाव कमी आणि गणिताचे पेपर जास्त पाहतात. तिथे इको ऑनर्सवाल्याची गुणपत्रिका आपोआप बोलते, बीबीईवाल्याला ऐच्छिक विषय तसे निवडावे लागतात. एमबीएच्या कॅट परीक्षेला दोघेही सारखेच.

आरक्षणाचे कागद दोन्हींना सारखेच लागतात, पण महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: दिल्ली विद्यापीठ केंद्रीय आहे, त्यामुळे ओबीसीसाठी जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात, चालू आर्थिक वर्षातलं हवं. राज्याचं एसईबीसी आरक्षण तिथे लागू नाही.

अकरावीत गणित सोडलेल्यांना या दोन्हींपैकी काही मिळणार नाही. त्यांना आपल्याकडच्या पुणे किंवा मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत बी.ए.ला अर्थशास्त्र मुख्य विषय म्हणून घेता येतं. तिथे बारावीच्या गणिताची अट नाही. एम.ए.पर्यंत गेलं की गणित तिथेही समोर येतंच, फक्त प्रवेशाच्या वेळी त्याबद्दल कुणी विचारत नाही.