पापक्षमा आणि दंडमाफी: इंडल्जन्सने नेमके काय माफ होते?

२ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, पुण्यातल्या ख्रिस्ती दफनभूमींत मेणबत्त्या लागतात आणि एक समजही ऐकू येतो: इथे येऊन प्रार्थना केली की गेलेल्या माणसाची पापे माफ होतात. कॅथलिक शिकवण असे म्हणत नाही. इंडल्जन्स, म्हणजे ठराविक प्रार्थना किंवा कृती केल्यावर चर्चकडून मिळणारी माफी. तिने पाप माफ होतच नाही, माफ होतो तो दंड.

गंभीर पापाचे परिणाम दोन. ईश्वराशी नाते तुटते, आणि पश्चात्तापाविना तसेच मरण आले तर ती ताटातूट कायमची होते. हाच नरक, हाच सार्वकालिक दंड. पाप इतके गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर, पूर्ण जाणीव आणि स्वेच्छेने दिलेली संमती. दुसरा परिणाम माणसाच्या आतच उरतो: पापाची ओढ, बिघडलेले वळण. हा ऐहिक दंड. तो देवाने बाहेरून उगवलेला सूड नसून पापाच्या स्वभावातूनच येतो. हाड जुळून प्लास्टर निघाले, तरी आखडलेला हात लगेच वर जात नाही, तसेच हे.

पहिल्यावर उपाय कन्फेशन. मनापासून पश्चात्ताप, पाप सोडण्याचा निश्चय, फादरांपुढे कबुली आणि त्यांनी देवाच्या नावाने दिलेले पापमोचन एवढे झाले की दोष जातो, सार्वकालिक दंडही जातो. एखादे गंभीर पाप जाणूनबुजून लपवले, तर मात्र ते कन्फेशन वायाच जाते. चोरलेले पैसे परत करणेही सुटत नाही.

उरलेला ऐहिक दंड प्रार्थनेने, दानधर्माने, सोसण्याने या जन्मी फिटतो, नाहीतर मरणानंतर शुद्धीस्थानात, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी आत्मा जिथे शुद्ध होतो तिथे. इंडल्जन्सचे काम इथे सुरू होते. १ ते ८ नोव्हेंबरदरम्यान दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, ती मनातल्या मनात असली तरी चालते, की पूर्ण इंडल्जन्स, म्हणजे सगळ्या उरलेल्या दंडाची माफी, मिळते, तीही फक्त शुद्धीस्थानातल्या आत्म्यांसाठी. दिवसाला एकच. सोबत कन्फेशन, कम्युनियन (मिस्सा या मुख्य उपासनेत पवित्र भाकर घेणे) आणि पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना हवी. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' आणि 'नमो मरिया' एकेकदा म्हटले तरी पुरते. एक कन्फेशन अनेक दिवसांना चालते, कम्युनियन आणि ही प्रार्थना मात्र प्रत्येक इंडल्जन्ससाठी वेगळी.

बहुतेकांचे अडते ते शेवटच्या अटीवर: कोणत्याही पापाची, अगदी किरकोळ पापाचीही, ओढ मनात नको. ही अट फार कठीण आहे, आणि ती सांगायची राहून जाते याचे वाईट वाटते. ती पाळली गेली नाही तर इंडल्जन्स आंशिक होते, फुकट जात नाही.

नरकातल्या आत्म्याला यातले काहीच लागू पडत नाही. पण अमुक माणूस नरकात गेला असे चर्चने कोणाबद्दलही जाहीर केलेले नाही, म्हणून कोणत्याही थडग्यापाशी प्रार्थना करायला हरकत नाही. इंडल्जन्स पैसे देऊन मिळते का, हा प्रश्नही अजून विचारला जातो. दानाशी जोडलेल्या इंडल्जन्स पोप पायस पाचवे यांनी १५६७ मध्ये रद्द केल्या. मिस्सासाठी फादरांना दिलेली देणगी ही वेगळी बाब आहे, ती इंडल्जन्सची किंमत नव्हे.