नखाएवढ्या स्प्रिंगचं आयुष्य

इंदूरच्या राजेंद्र नगरात आमच्या शेजारी राहणारे काका महूला सैन्यात आर्मरर होते, म्हणजे कोतातल्या (पलटणीच्या शस्त्रागारातल्या) हत्यारांची दुरुस्ती त्यांच्याकडे असे. रायफलीबद्दल काही विचारलं की ते आधी बॉलपेन उघडतात आणि आतली स्प्रिंग माझ्या तळहातावर ठेवतात. "नळी वर्षानुवर्षं टिकते रे. रायफल अडते ती एवढ्याशा वस्तूपायी."

त्यांच्या हाताखालची रायफल म्हणजे ईशापूरच्या कारखान्यातली ७.६२ मिमीची एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल. गोळी नळीतून पुढे जाताना थोडा वायू नळीच्या छिद्रातून वर जातो आणि पिस्टनला धक्का देतो. त्या धक्क्याने ब्रीच ब्लॉक, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी ठोकळा, मागे सरकतो, रिकामी पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) बाहेर फेकली जाते, आणि परतताना स्प्रिंगच्या जोरावर ठोकळा नवं काडतूस आत ढकलतो. पुढच्या गोळीसाठी ट्रिगर मात्र पुन्हा दाबावा लागतो. ही सगळी ये-जा सेकंदाच्या दहाव्या भागाइतक्या वेळात उरकते.

यात सर्वांत जास्त सोसतो तो एक्स्ट्रॅक्टर, पुंगळीची कड पकडून तिला ओढून काढणारा आकडा. बार उडताना वायूचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ४००० पट होतो आणि पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीला घट्ट चिकटते. दाब उतरला की पितळ लवचीक असल्यामुळे किंचित आकसतं आणि पुंगळी सुटते. चेंबर खरबरीत किंवा मळलेलं असेल तर ती सुटायला कुरकुरते आणि सारा ताण त्या आकड्याच्या धारेवर येतो. धार झिजली, किंवा आकड्यामागची स्प्रिंग ढिली पडली, की आकडा कडेवरून निसटतो आणि पुंगळी आतच राहते. म्हणून काका आधी जमिनीवरच्या पुंगळ्या उचलून बघत. कडेवर ओरखडा किंवा तुटका लचका दिसला की रायफल उघडण्याआधीच संशय कुठे घ्यायचा ते कळे.

धातू थकतो, हे माणसाला रेल्वेने शिकवलं. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून मोठा अपघात झाला. पुढे प्रशियात ऑगस्ट व्होलर यांनी वारंवार ताण देऊन पोलाद तपासलं, तेव्हा दिसलं की एका झटक्यात जो ताण पोलाद सहज पेलतं, तोच लाखो वेळा दिला तर तुटतं. तडा बहुधा पृष्ठभागावरच्या ओरखड्यातून किंवा गंजाच्या खळग्यातून सुरू होतो. हे कळल्यावर पावसाळ्यात तेलाच्या चिंधीला मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. बोटांच्या घामाने पडलेला गंजाचा ठिपका म्हणजे तड्याची पहिली जागा.

मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, भरून ठेवल्याने तिच्यातली स्प्रिंग मरते, असं अनेकजण मानतात. चांगली स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबून ठेवली तर फारशी थकत नाही. तिला झिजवतं ते पुन:पुन्हा दबणं आणि सुटणं. त्यामुळे महिने मोजण्यापेक्षा झाडलेल्या गोळ्या मोजणं जास्त उपयोगाचं. काका तेच वहीत टिपत.

तपासणीची पहिली पायरी कधीच बदलत नाही: मॅगझिन काढायचं, चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि बोटानेही चाचपायचं. मग भिंगाखाली आकड्याची धार. काडतुसाच्या बुडावर आपटून बार उडवणाऱ्या फायरिंग पिनचं टोक गोल आणि गुळगुळीत हवं. त्यावर खळगे पडले असतील, तर प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) फाटून तप्त वायू मागे आला असण्याची शक्यता मोठी. स्प्रिंगची मोकळी लांबी व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) मोजून ठरलेल्या मापाशी पडताळायची. आखूड झालेली स्प्रिंग हाताने ओढून लांब करण्याचा मोह मात्र टाळायलाच हवा. ती लांब दिसते खरी, पण लवचीकतेची हद्द ओलांडलेली असते, त्यामुळे लवकरच पुन्हा दबून आखूड होते किंवा तुटते.

काढलेली जुनी स्प्रिंग काका पकडीने वाकडी करूनच टाकत. सरळ राहिली तर कुणीतरी डबीतून उचलून तीच पुन्हा बसवतं.